प्राणी काढावेत की शर्यतीच्या गाड्या? हौशी चित्रकारासाठी तुलना

शाळेत असताना एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिली, पुढे नोकरी-संसारात पेन्सिल बाजूला पडली, आणि आता चाळिशीत किंवा निवृत्तीनंतर ती पुन्हा हातात घ्यावीशी वाटते, अशी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांची पहिली अडचण साहित्याची नसते, विषयाची असते. रोज काढायचं काय? मग मन आपल्या आवडीकडे वळतं. कुणाला कुत्री-मांजरं, गाई-म्हशी, वाघ-हत्ती बघत बसायला आवडतं. कुणी रात्री जागून फॉर्म्युला वन बघतं, कुणी अमेरिकेतल्या नॅसकार या संस्थेच्या स्टॉक कार शर्यती, म्हणजे साध्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या शर्यती, यूट्यूबवर शोधून काढतं. दोन्ही नाद एकाच माणसाला असणंही काही दुर्मीळ नाही, आणि हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे. आठवड्याला चार-पाच तासच मिळणार असतील, तर पुढचं वर्षभर ते कशाला द्यावेत?

माझं मत आधी सांगून टाकणं बरं. हात बरीच वर्षं बंद असेल तर प्राण्यांपासून सुरुवात करावी. गाड्यांकडे जायचं ते शर्यतीचं खरं प्रेम असेल तरच, आणि त्यातही पहिली गाडी फॉर्म्युला वनची नको, स्टॉक कार घ्यावी. कारणं पुढे देत आहे. तुमची परिस्थिती वेगळी असेल तर निर्णयही वेगळा होऊ शकतो.

समोर बसणार कोण?

इथे प्राण्यांची बाजू फारच भक्कम आहे. दारातलं कुत्रं, खिडकीतलं मांजर, दूधवाल्याच्या गोठ्यातली म्हैस. मॉडेल फुकट आहे आणि रोज आहे. मुंबईत भायखळ्याची राणीची बाग, पुण्यात कात्रजचं प्राणिसंग्रहालय, नागपुरात गोरेवाडा. घोडे काढायचे असतील तर महालक्ष्मीला साधारण नोव्हेंबर ते एप्रिल आणि पुण्याला पावसाळ्यात शर्यती असतात. दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला तापीकाठी घोडेबाजार भरतो. उभे, उधळलेले, खरारा चाललेले, पाणी पिणारे इतके घोडे एका दिवसात दुसरीकडे कुठे दिसणार नाहीत. खिल्लार बैलांसाठी सांगोल्याचा जनावरांचा बाजार आहे. बाजारात वही उघडण्याआधी मालकाला विचारा, "दादा, चित्र काढू का तुमच्या बैलाचं?" बहुतेक जण हो म्हणतात, आणि मग जनावर नीट उभं करायची जबाबदारीही आपणहून घेतात.

गाड्यांचं तसं नाही. स्टॉक कार ही अमेरिकेतली, त्यातही तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत रुजलेली शर्यत. नॅसकार ही संस्था १९४८ मध्ये बिल फ्रान्स यांच्या पुढाकाराने फ्लोरिडातल्या डेटोना बीचला उभी राहिली आणि १९५९ पासून तिथल्या अडीच मैलांच्या ट्रॅकवर डेटोना ५०० होते. इंग्लंडमध्ये १९५४ पासून वेगळ्या, धडकाधडकीच्या धर्तीच्या स्टॉक कार शर्यती आहेत. भारतात ही परंपरा नाही. आपल्याकडची नावाजलेली सर्किट म्हणजे चेन्नईजवळचं, कोइमतूरचं करी आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन आली होती. म्हणजे पुण्या-नाशिकच्या माणसाला शर्यतीची गाडी समोर ठेवून काढायची संधी क्वचितच मिळणार.

याला एक चांगला उतारा आहे: डायकास्ट मॉडेल, म्हणजे धातूची छोटी प्रतिकृती. नॅसकारच्या गाड्या १:२४ आणि १:६४ या प्रमाणात मिळतात. १:२४ घ्या, म्हणजे तपशील दिसतो. टेबलावर ठेवून एका बाजूने दिवा लावा आणि डोळा गाडीच्या खिडकीच्या उंचीवर येईल इतके खाली वाका. खऱ्या ट्रॅकजवळ उभ्या माणसाला गाडी साधारण अशीच दिसते. मात्र फार जवळ जाऊ नका, नाहीतर पुढचं चाक भलतंच मोठं होतं. तुमची मुलं किंवा नातेवाईक नॉर्थ कॅरोलिनात शार्लटच्या बाजूला असतील तर सोन्याहून पिवळं. बँका आणि आयटीच्या नोकऱ्यांमुळे तिथे मराठी घरं आहेत, आणि नॅसकारच्या बहुतेक संघांच्या कार्यशाळाही त्याच भागात आहेत. २०१० मध्ये उघडलेलं नॅसकार हॉल ऑफ फेम शार्लट शहरातच आहे. उभी गाडी, स्थिर उजेड आणि हवा तेवढा वेळ, यापेक्षा चित्रकाराला आणखी काय हवं?

हाताची परीक्षा

प्राणी थांबत नाही. मांजर मध्येच अंग चाटायला लागतं, शेळी मान फिरवते आणि रेघ अर्धी राहते. म्हणून एका पानावर चार-पाच रेखाटनं एकदम उघडी ठेवायची पद्धत आहे. जनावर हललं की दुसरं सुरू करायचं, जुन्या पवित्र्यात परत आलं की पहिल्याकडे वळायचं. सुरुवात झोपलेल्या कुत्र्यापासून किंवा रवंथ करत बसलेल्या गाईपासून करावी. तोंड हलतं, पण धड तासभर तसंच राहतं. महिनाभरात तुमची रेघ लांब आणि मोकळी होते. खोडरबराचा हात आपोआप सुटतो, कारण खोडायला वेळच नसतो. बंद पडलेल्या हाताला याहून चांगला व्यायाम मला माहीत नाही.

दुसरी अडचण सांगाड्याची. कुत्र्याच्या मागच्या पायात उलटा वाकलेला जो सांधा दिसतो तो गुडघा नव्हे, ती टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाच्या रेषेजवळ असतो. गाय आणि घोडा तर खुरांवर, म्हणजे बोटांच्या टोकांवर चालतात. मांजराचा खांदा हाडाने छातीला जोडलेला नसतो, स्नायूंनी लटकलेला असतो, म्हणून दबा धरून चालताना पाठीच्या वर दोन उंचवटे आळीपाळीने येतात. एवढ्या तीन गोष्टी डोक्यात बसल्या तरी निम्मी चित्रं सुधारतात. डोळ्यांकडेही लक्ष द्या: शेळीची बाहुली आडवी, घरच्या मांजराची उभी, वाघाची गोल. इंग्लंडचे चित्रकार जॉर्ज स्टब्स घोड्याच्या शरीररचनेसाठी एका शेतघरात दीड वर्षाच्या आसपास मेलेल्या घोड्यांची चिरफाड करत राहिले आणि १७६६ मध्ये त्यांनी त्या रेखाटनांचा ग्रंथ काढला. आपल्याला तेवढं करायची गरज नाही, पण जनावराच्या मालकाची परवानगी घेऊन पायावरून एकदा हात फिरवावा. सांधा कुठे आहे ते बोटांना कळतं.

प्राण्यात थोडी चूक खपते. बैलाची पाठ अर्ध्या बोटाने लांब झाली तर बघणारा म्हणतो, असेल बाबा लांब पाठीचा. गाडीत हे चालत नाही. चाकाचं लंबवर्तुळ जरा कललं की चित्रकला न येणारा माणूसही म्हणतो, काहीतरी बिघडलंय. शर्यतीची गाडी काढणाऱ्याची खरी परीक्षा या चार लंबवर्तुळांत असते. नियम सोपा आहे. चाकाच्या लंबवर्तुळाचा आखूड अक्ष नेहमी गाडीच्या आसाच्या दिशेने धरायचा. लांब अक्ष उभा ठेवायची सवय बहुतेकांना असते, आणि गाडी तिथेच फसते. वळणावर पुढची चाकं वळलेली असतील तर त्यांचा अक्ष मागच्यांपेक्षा वेगळा होतो. हे जमेपर्यंत नुसती चाकं काढावीत, पानंच्या पानं. त्यासाठी डबे, बशा, तांबे आडवे करून काढले तरी चालतात.

त्यानंतर येतात अक्षरं. दारावरचा नंबर, बॉनेटवरचं प्रायोजकाचं नाव, पुढच्या चाकामागच्या छोट्या स्टिकरांची रांग, सगळं वक्र पत्र्यावर आणि यथार्थदर्शनात, म्हणजे दूर जाईल तसं लहान होत जाणारं. कॅलिग्राफीची आवड असलेल्याला यात गोडी वाटते. ज्याला नाही, त्याला ही स्टिकरं दमवतात, आणि पुष्कळ चित्रं इथेच अर्धवट राहतात. म्हणूनच शर्यतीचं प्रेम असेल तरच गाड्यांकडे जा, असं मी म्हणते आहे.

एका ठिकाणी मात्र दोन्ही विषय तोच धडा देतात. नॅसकारचे ड्रायव्हर डेल अर्नहार्ट यांची ३ नंबरची काळी गाडी आठवा, किंवा डबक्यातून नुकतीच बाहेर आलेली म्हैस बघा. दोन्ही काळ्या, आणि दोन्हींत निव्वळ काळं फार थोडं. वरच्या भागावर आकाशाचा निळसर-करडा उजेड, पोटाकडे जमिनीचा तपकिरी, आणि मधल्या पट्ट्यात काय तो गडद काळा. म्हशीच्या पाठीवर हे पाहायला शिकलेला माणूस गाडीचा पत्रा निम्म्या वेळात शिकतो. उलट्या बाजूने ते तितकं सोपं नाही, कारण पत्र्यावरचे उजेडाचे काठ धारदार असतात आणि कातडीवरचे मऊ.

वेग दाखवायचा कसा

दोन्हीकडे धावणं आहे, आणि दोन्हीकडे छायाचित्राने चित्रकारांना शिकवलं आहे.

१८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे लावून चौखूर धावणाऱ्या घोड्याचे फोटो काढले. तोवर युरोपातले मोठमोठे चित्रकार पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणलेला, हवेत तरंगणारा घोडा काढत होते. फोटोंत दिसलं की चारही पाय जमिनीवरून सुटतात खरे, पण ते पोटाखाली गोळा झालेले असतात तेव्हा. आज तुम्ही मोबाइलवर संथ गतीने व्हिडिओ काढून हेच घरी पाहू शकता. जरूर पाहा, पण मग मोबाइल बाजूला ठेवून आठवणीतून काढा. थांबवलेल्या फ्रेमवरून जसंच्या तसं उतरवलेलं जनावर बरोबर असतं, पण पळत नाही.

गाडीची गोष्ट उलट आहे. १९१३ च्या सुमारास फ्रान्समध्ये किशोरवयीन जाक आंरी लार्तिग याने शर्यतीच्या गाडीचा फोटो काढला. त्याच्या कॅमेऱ्याचा पडदा हळूहळू सरकणारा होता आणि तो स्वतः गाडीबरोबर कॅमेरा फिरवत होता. त्यामुळे चाक पुढे झुकलेलं लंबगोल झालं आणि मागचे प्रेक्षक, खांब उलटे कलले. यांत्रिकदृष्ट्या ती चूक होती, पण डोळ्याला तो वेगच वाटला. व्यंगचित्रांतही पळत्या गाडीची चाकं अशीच झुकलेली दिसतात. आजचे कॅमेरे इतक्या कमी वेळात फोटो टिपतात की दोनशे मैलांच्या वेगातली गाडीही पार्किंगमध्ये लावल्यासारखी दिसते. तशा फोटोवरून काढायचं असेल तर चाकाच्या आऱ्या पुसट करा, मागची गर्दी आडव्या फटकाऱ्यांत काढा, आणि गाडीचं तोंड तेवढं टोकदार ठेवा. नॅसकारच्याच टॅलाडेगाच्या ट्रॅकची वळणं ३३ अंशांनी, डेटोनाची ३१ अंशांनी चढती आहेत. तिथला फोटो घेतलात तर कुंपणाचे खांब उभे ठेवून गाडी कलती काढा. खांबही कलते काढले की सगळा उतार नाहीसा होतो.

फोटोवर विसंबायचं तर

वाघ आणि स्टॉक कार, दोन्ही बहुतेकांना फोटोवरूनच काढावे लागणार. मग जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूररच्या गेंड्याची गोष्ट लक्षात ठेवावी. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला दिलेला एक गेंडा १५१५ च्या सुरुवातीला गोव्याहून जहाजाने निघाला आणि त्याच वर्षी मे महिन्यात लिस्बनला पोचला. जर्मनीत न्यूरेंबर्गला बसलेल्या ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. एक रेखाटन आणि वर्णनाचं पत्र एवढ्यावर त्याने लाकडी ठशाचं चित्र केलं. कातडीच्या घड्यांचं चिलखत झालं, मानेमागे एक जास्तीचं छोटं शिंग आलं, आणि पुढे दोनशेहून जास्त वर्षं युरोपला गेंडा असाच वाटत राहिला. चित्र अप्रतिम आहे, यात शंका नाही. पण त्याच्याशेजारी जहांगिराच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरचा १६२१ चा झेब्रा ठेवून पाहा. त्या जनावराचे पट्टे कुणी रंगवलेत की काय असा लोकांना संशय होता, असं जहांगिराने स्वतः लिहून ठेवलं आहे. मन्सूरने जनावर समोर पाहून काढलं, आणि चेहऱ्यावर पट्टे कसे अरुंद होत जातात, पायांवर कसे आडवे फिरतात, ते आजही तपासून घ्यावं इतकं नेमकं आहे.

म्हणून वाघ फोटोवरून काढणार असाल तर आधी घरचं मांजर भरपूर काढा. स्टॉक कार फोटोवरून काढणार असाल तर सोसायटीत लावलेली साधी सेदान चारही बाजूंनी काढा. मोबाइलने जवळून टिपलेल्या फोटोत कुत्र्याचं नाक फुगतं आणि कान लहान होतात. शर्यतीचे फोटो लांबच्या लेन्सने काढलेले असतात, त्यात गाड्या एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. डोळ्याने पाहिलेलं पाठीशी असेल तर फोटोतली ही फसवणूक लगेच ओळखू येते.

गाड्याच निवडल्यात, तर कोणती?

फॉर्म्युला वनची गाडी दिसायला देखणी, पण नवशिक्यासाठी जिकिरीची. उघडी चाकं, पंखांचे थरावर थर, चाकं धडाला जोडणाऱ्या सस्पेन्शनच्या काड्या, ड्रायव्हरच्या डोक्यावरची संरक्षक पट्टी. स्टॉक कारचं अंग बंद आणि भरीव असतं. एक मोठा चपटा खोका, त्यावर काचांचा छोटा खोका, आणि चाकं निम्मी झाकलेली. हेडलाइट खरे नसतातच, त्यांची स्टिकरं असतात, त्यामुळे काचेच्या आतली चमक काढायची कटकट वाचते. दारं उघडत नाहीत, ड्रायव्हर खिडकीतून आत शिरतो, म्हणून दाराच्या फटीही नाहीत. खिडकीला जाळी असते, ती मात्र काळजीपूर्वक काढा, कारण गाडी शर्यतीची आहे हे तीच सांगते. साल ठरवूनच बसा. २०२२ मध्ये आलेल्या नव्या गाड्यांत दारावरचा नंबर पुढच्या चाकाकडे सरकला आणि चाकाला मध्ये एकच नट आला. जुन्या गाडीवर नवा नंबर किंवा नव्या गाडीला पाच नट काढलेत तर जाणकार पहिल्या नजरेत पकडतात. १९७० ची प्लिमथ सुपरबर्ड, तिचं टोकदार नाक आणि मागचा उंच पंख, ही सरावासाठी मला सगळ्यांत आवडणारी गाडी आहे. ड्रायव्हर रिचर्ड पेटी यांची ४३ नंबरची निळी सुपरबर्ड काढली तर स्टिकरंही आजच्या मानाने थोडी.

एक गोष्ट आधीच पटवून घ्या. गाडीवरचे रंग दुसऱ्या चित्रकाराने ठरवलेले असतात. नॅसकारचे ड्रायव्हर जेफ गॉर्डन यांच्या २४ नंबरच्या गाडीची इंद्रधनुषी रंगसंगती सॅम बास यांची. नॅसकारचे पहिले अधिकृत परवानाधारक चित्रकार म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं, २०१९ मध्ये ते गेले. तुम्ही ती गाडी काढता तेव्हा एका अर्थाने त्यांच्याच कामाची नक्कल करत असता. शिकण्यासाठी ते उत्तमच, पण चित्र विकायचा विचार असेल तर संघाचं नाव, लोगो, नंबर यांच्या परवानग्यांचा प्रश्न येतो. प्राण्यांत ही भानगड नाही. दुसऱ्याचा फोटो वापरला असेल तर त्या छायाचित्रकाराला विचारायचं, बस. घरच्या कुत्र्या-मांजराचं चित्र करून द्या म्हणणारे लोक तर ओळखीतच निघतात. कला पुढेमागे थोडंफार उत्पन्न देईल अशी आशा असेल, तर हा फरक निर्णायक आहे.

पैसा आणि वेळ

यावर फार लिहिण्यासारखं नाही. प्राण्यांसाठी २ बी, ४ बी, ६ बी पेन्सिली, एक साधी स्केचबुक आणि थोडा कोळसा, एवढं दोन-तीनशे रुपयांत भागतं. गाडीसाठी गुळगुळीत कागद, लांब पट्टी, फ्रेंच कर्व्ह, लंबवर्तुळांची साचापट्टी, बारीक टोकाची काळी पेनं आणि रंगीत पेन्सिली किंवा मार्कर लागतात, शिवाय डायकास्ट. खर्च काही पटींनी वाढतो. वेळेचं म्हणाल तर कुत्र्याचं बरं रेखाटन चहा थंड व्हायच्या आत होतं, स्टिकरांसकट पूर्ण रंगवलेल्या गाडीला दोन-तीन रविवार लागतात. ज्यांना रोज पंधरा मिनिटंच मिळतात त्यांनी गाडीच्या वाटेला जाऊ नये. ज्यांना आठवड्यात एकच पण सलग दुपार मिळते, त्यांना गाडी सोयीची पडते, कारण ती जशी सोडली तशीच पुढच्या रविवारी टेबलावर असते.

चित्र काढण्यापेक्षा सरळ गाडीतच का बसू नये, असंही मनात येईल. स्टॉक कार चालवणं इथे शक्य नाही, पण पुणे, मुंबई, कोल्हापूर भागात गो-कार्टिंगचे ट्रॅक आहेत. महिन्याचा छंद म्हणून ते महाग पडतं. एकदा जरूर जा, मात्र चित्रासाठी. वळणावर मान कुठे ओढली जाते, हात कसे आवळतात, हे अंगाला कळलं की तुमच्या चित्रातला ड्रायव्हर पुतळ्यासारखा बसत नाही.

दोन्ही नाद असलेल्यांसाठी

आपल्याकडे जनावर आणि शर्यत एकत्र आहेतच: बैलगाडा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने बंद झालेल्या या शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. खेड, आंबेगाव, जुन्नरच्या घाटांत, म्हणजे या शर्यतींच्या धावपट्ट्यांवर, बैलांच्या पुढे घोडेस्वार धावतो आणि सगळा खेळ काही सेकंदांत आटोपतो. विदर्भातला शंकरपट निराळा, सांगली-साताऱ्याकडची छकड्यांची शर्यत निराळी. यात खिल्लाराचं वशिंड आणि मागे वळलेली लांब शिंगं आहेत, गळ्याची हलणारी पोळी आहे, चाकांची लंबवर्तुळं आहेत, धूळ आहे आणि गर्दी आहे. या लेखातला प्रत्येक धडा एका चित्रात लागतो. जनावराला मारहाण होताना दिसली तर ती झाकू नका, जे दिसलं तेच काढा. उभं राहायचं ते कठड्याच्या मागे, आणि वही लहान ठेवायची.

थेट घाटावर जाऊ नका. आधी बेंदराला किंवा पोळ्याला गावी जा. त्या दिवशी बैल धुतलेले, सजवलेले असतात आणि बराच वेळ एका जागी उभे असतात. त्याच्या आधी दोन-तीन महिने गल्लीतली कुत्री आणि गोठ्यातल्या म्हशी काढून हात सैल करा, मधल्या काळात रोज एक पान चाकांचं. घाटावर चित्र पूर्ण करायच्या मागे लागायचं नाही. तिथे फक्त मानांचे, पायांचे, चाकांचे तुकडे टिपायचे, आणि रात्री घरी बसून, आठवण ताजी आहे तोवर, ते जोडायचे. इतकं जमल्यावरही डेटोनाची ओढ कायम असेल, तर १:२४ ची सुपरबर्ड मागवा.